घरचें विमान आणि आपलें आख्यान

मराठी भाषेंत ‘विमान’ हा शब्द यंत्रापेक्षां वयानें पुष्कळ वडील आहे. रावणानें कुबेराकडून हिरावून घेतलें तें पुष्पक विमान, आणि देहूच्या वाण्यास वैकुंठास न्यावयास आलें तेंहि विमानच. राइट बंधूंचें यंत्र १९०३ सालीं जमिनीवरून उठलें, तेव्हां त्याच्यासाठीं नवें नांव शोधण्याची आपणांस गरज पडली नाहीं. घरांत तयार असलेलें जुनें नांव आपण त्यास देऊन टाकलें. शब्द असे उसने दिले म्हणजे त्यांच्यामागून त्यांचा जुना संसारहि येतो. घरीं विमान बांधणाऱ्या मनुष्याची गोष्ट गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडे वारंवार सांगितली गेली. ती वाचतांना या जुन्या संसाराची आठवण मला एकसारखी होत राहिली. त्या सांगण्याचें परीक्षण करावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. ज्यानें विमान बांधलें त्याचें परीक्षण करण्याचा अधिकार वाङ्मय शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास नाहीं. परंतु गोष्ट कशी सांगितली गेली हें पाहण्याचा अधिकार मात्र कोणत्याहि वाचकास आहे.

घडलेली हकीगत थोडक्यांत अशी. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्यापूर्वींचे त्यांचे दोन प्रयत्न सफल झाले नव्हते, हें तिसरें. तें क्रेनच्या साहाय्यानें गच्चीवरून खालीं उतरविण्यांत आलें, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहांत लोकांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या दप्तरीं त्याची नोंद होण्यास मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला; व्हीटी-एनएमडी हीं अक्षरें त्यास मिळालीं. २०१८ च्या फेब्रुवारींत राज्य सरकारानें पालघर जिल्ह्यांत विमानांचा कारखाना काढण्याविषयीं त्यांच्याशीं करार केला. २०१९ च्या ऑक्टोबरांत उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें विमान उडालें.

ही झाली बखर. आतां ती आपण कोणत्या साच्यांत ओतली तें पहा. हा साचा महीपतीनें ‘भक्तिविजय’ व ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांतून अठराव्या शतकांतच पाडून ठेवलेला आहे. नायक साध्या घरचा. त्याला एकच ध्यास. त्या ध्यासापायीं संसाराची ओढाताण होते, घरांतील बाईच्या अंगावरचें किडूकमिडूक जातें, राहतें घर पणास लागतें. मग अधिकारी पुरुष आडवे येतात. तेथें मंबाजी आणि रामेश्वरभट्ट, येथें कचेरींतील टेबलें. तेथें वह्या इंद्रायणींत बुडतात, येथें अर्ज फायलींत बुडतात. नायक हटत नाहीं. अखेर वह्या कोरड्या वर येतात, छळ करणारा शरण येऊन शिष्य होतो. येथें सरकार स्वतः करार करावयास येतें. आणि शेवटीं विमान.

यांत कोणाचीच लबाडी नाहीं. बातमीदारास दोन तासांत मजकूर द्यावयाचा असतो, आणि हा साचा त्याच्या कानांत लहानपणापासून बसलेला आहे. शिवाय साच्याचा गुणहि मोठा आहे; तो लोकांचें मन वळवितो. अर्जाचा कागद ज्या दारावर थांबतो त्या दारांतून आख्यान आंत जातें. परंतु संतचरित्राच्या साच्यांत एक प्रश्न कधींच उद्भवत नाहीं, तो हा कीं, विमान बांधलें कसें? तेथें तें वरून येतें. त्याला रिवेट नसतात, त्याचें वजन करावें लागत नाहीं, त्याची पहिली चांचणी कोणीं केली हें कोणी विचारीत नाहीं. हा साचा जसाच्या तसा घेतला कीं खऱ्या विमानाच्या गोष्टींतूनहि विमान गळून पडतें व भक्त तेवढा शिल्लक राहतो. माझ्या वाचण्यांत आलेल्या वृत्तांतांपैकीं बहुतेकांत नोंदणीच्या अक्षरांचा अर्थ काय यावर जितकीं वाक्यें आहेत तितकीं पंखाच्या बांधणीवर नाहींत.

वस्तुतः त्या कामांत नाट्य थोडें नसतें. पत्र्याच्या विमानाचें अंग हजारों रिवेटांनीं जोडलेलें असतें. यांतील बहुतेक रिवेटांस दोन माणसें लागतात: एकानें पुढून ठोकावयाचें, दुसऱ्यानें पत्र्याच्या मागें लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरावयाचा. ठोकळा जरा कलला तर रिवेटाचें डोकें वांकडें बसतें. तें कापून काढावयाचें आणि पुन्हा नवें बसवावयाचें. भोंक किंचित् मोठें झालें, किंवा त्याच्या कडेचा कंगोरा घासून काढावयाचा राहिला, तर पुढें केव्हां तरी तेथूनच भेग जावयाची. म्हणजे हें काम एकट्या तपस्व्याचें नव्हेच. मधल्या पत्र्यामुळें समोरचा माणूस दिसत नाहीं, आणि तरीहि त्याच्या हाताशीं आपल्या हाताचा ताल जमवावा लागतो. एवढें सगळें समोर असतां आमचे लेखक नायकाच्या डोळ्यांतील चमक वर्णन करीत बसतात!

पुढें तोलाचा प्रश्न. विमान उभें राहिलें म्हणजे त्याच्या तिन्ही चाकांखालीं वजनकांटे ठेवतात. प्रत्येक चाकावर पडणारें वजन आणि एका ठराविक रेषेपासून त्या चाकाचें अंतर यांच्या गुणाकारांवरून गुरुत्वमध्य काढतात. तो पुढें फार सरकला तर नाक उचलत नाहीं. मागें फार सरकला तर विमान आरंभीं हलकें आणि चपळ वाटतें, आणि वेग उतरतांच असें कोसळतें कीं वैमानिकाच्या हातीं कांहीं उरत नाहीं. सहा आसनें म्हणजे हा हिशेब पुनःपुनः मांडावयाचा. दोघेच बसले तर काय, सहाजण सामानासह बसले तर काय, टांकी भरलेली असतां काय आणि रिकामी होत आल्यावर काय. गृहस्थाश्रमी वाचकास ही चिंता अगदींच परकी नाहीं. गांवीं निघतांना कोणती पेटी कोठें ठेवावी यावर प्रत्येक घरांत वाद होतो. फरक एवढाच कीं तेथें चुकल्यास फार तर लोणच्याची बरणी फुटते.

यंत्र गोष्टींतून गळालें म्हणजे पुढें काय होतें, हें पाहण्यास मुंबईंतच एक जुनें उदाहरण आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें मनुष्यविरहित विमान उडविलें, तें दीड हजार फूट उंच गेलें, न्यायमूर्ति रानडे आणि सयाजीराव महाराज तेथें हजर होते, ‘केसरी’नें त्याची वार्ता छापली, अशी कथा आपल्याकडे किती तरी घरांत अभिमानानें सांगितली जाते. तळपदे ही व्यक्ति खरी. संस्कृताचा व वैदिक ग्रंथांचा त्यांचा व्यासंग खरा. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हें त्यांचें पुस्तक १९०७ सालीं निघालें हेंहि खरें. परंतु चौपाटीवरच्या त्या उड्डाणाचा समकालीन आणि विश्वासार्ह पुरावा आजवर कोणीं पुढें आणलेला नाहीं. यंत्राचा आराखडा नाहीं, मोजमाप नाहीं, तुटका पंखा नाहीं. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार या कथेस पुढें जोडण्यांत आला, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडण्याजोगीं नाहींत, असा त्यांचा निर्णय आहे. तो निर्णय विद्वानांच्या कपाटांत राहिला. कथा मात्र हिंडतच राहिली. इतकी कीं २०१५ च्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानांवर एक निबंध वाचला गेला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तळपद्यांवर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला.

या चित्रपटाविषयीं दोन शब्द पुरेत. चित्रपटानें इतिहास काटेकोर सांगावा असा माझा आग्रह नाहीं. शाकुंतलांत महाभारत तरी कोठें जसेंच्या तसें आहे? पण कारागिराला नायक केलें तर त्याची कारागिरी प्रेक्षकांस दिसावी, एवढी अपेक्षा अनाठायीं नाहीं. येथें नर्तकी आहे, विरह आहे, गाणीं आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुष्टपणा आहे. विमान आहे तें रंगभूमीवरच्या मेघासारखें. दोरी ओढली कीं वर जाणारें.

यादवांच्या विमानास या पंक्तीस बसविणें हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे, आणि तो त्यांची स्तुति करणाऱ्यांकडूनच होत आहे. त्यांचें विमान लोकांनीं पाहिलें, दप्तरीं नोंदलें गेलें, धुळ्यास उडालें. परंतु पन्नास वर्षांनीं एखादा विद्यार्थी जुनीं वृत्तपत्रें चाळूं लागला, तर त्याला एकीकडे तळपद्यांची कथा आढळेल आणि दुसरीकडे यादवांची. दोहोंत ध्यास, दोहोंत दारिद्र्याशीं झुंज, दोहोंत निष्ठुर सरकार. खरें कोणतें आणि दंतकथा कोणती हें त्यानें कशावरून ओळखावें? मोजमाप, आराखडा, चांचणीची नोंद, चुकलेल्या भागाची हकीगत, हींच ओळखीचीं लक्षणें. आणि आपण कथेंतून वगळलीं तीं नेमकीं हींच.

युरोपांत या विषयावर एक विलक्षण पुस्तक झालेलें आहे, त्याचा परिचय येथें करून द्यावासा वाटतो. आंरी मिन्ये हा फ्रेंच गृहस्थ. विमानविद्येंत त्याला कोणी गुरु नव्हता, आणि शास्त्रज्ञांची थट्टा करण्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानें लांकूड, कापड आणि एक छोटेंसें इंजिन यांचें एक आसनी विमान बांधलें, १९३३ सालीं तें उडविलें, आणि पुढच्या वर्षीं तें कसें बांधावें याचें सचित्र पुस्तक लिहिलें. त्यानें आपल्या विमानास ‘आकाशांतली ऊ’ असें नांव दिलें. इंग्रजी भाषांतरकारांनीं उवेची पिसू केली. ज्याला खोकें ठोकतां येतें त्याला हें विमान बांधतां येईल, असा त्याचा एकंदर सूर. पुस्तक सुतारासाठीं लिहिलेलें, पण वाचावयास कादंबरीसारखें. कोणती फळी किती जाडीची, सरस केव्हां लावावा, आणि मधूनच वाऱ्याशीं झालेल्या पहिल्या ओळखीचें असें वर्णन कीं वाचकास हातांतील पुस्तक टाकून करवत घ्यावीशी वाटावी. लोकांनीं तसेंच केलें. फ्रान्स आणि इंग्लंड या देशांत शेंकडों लोक घरच्या कोठारांत, गाड्यांच्या शेडींत हें विमान बांधूं लागले.

आणि माणसें मरूं लागलीं. त्या विमानास एकामागें एक असे दोन पंख होते. पुढचा पंख कललाच तर नाक वर यावें अशी योजना होती. परंतु विमान एका विशिष्ट मर्यादेपलीकडे खालीं झुकलें म्हणजे दोन पंखांमधून वाहणाऱ्या हवेमुळें मागच्या पंखाचा उचल वाढे, आणि वैमानिक नाक वर आणण्यासाठीं दांडा जितका ओढी तितकें विमान अधिकच खालीं झुके. नैसर्गिक प्रवृत्तीनें केलेली सुटकेची धडपडच येथें घातक. अपघात वाढले तेव्हां शॅले-मदों आणि फार्नबरो येथील मोठ्या वातबोगद्यांत पुरें विमान ठेवून तपासणी करण्यांत आली, दोष उघडकीस आला, आणि १९३६ च्या सुमारास त्या मूळ रचनेचीं उड्डाणें बंद पडलीं. मिन्येनें पुढें रचना सुधारली व विमानें बांधणें सोडलें नाहीं.

टीकाकाराच्या दृष्टीनें या प्रकरणांतील महत्त्वाची गोष्ट अशी. मिन्येचें गद्य मोहक होतें, आणि त्या मोहानें कांहींजणांचे प्राण गेले. शैलीची एवढी भयंकर जबाबदारी साहित्याच्या इतिहासांत फारशा ग्रंथांवर आलेली नसेल. परंतु दोष सांपडला तो पुस्तकांत यंत्र होतें म्हणूनच. पंखांचें अंतर छापलेलें होतें, म्हणून तें चुकीचें आहे असें दाखवितां आलें. आपल्या आख्यानांत चूक निघूंच शकत नाहीं. कारण चुकावें असें त्यांत कांहीं लिहिलेलेंच नसतें. भक्ति कमी पडली एवढेंच फार तर म्हणतां येईल.

याच कारणासाठीं कचेरींतल्या अधिकाऱ्यास सरसकट मंबाजी ठरविणें मला मान्य नाहीं. दप्तरदिरंगाईचा अनुभव आपणां सर्वांस आहे. निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठीं एका कचेरीच्या पायऱ्या मीहि वर्षभर झिजविल्या आहेत, आणि त्या पायऱ्यांविषयीं माझ्या मनांत कसलाहि भक्तिभाव नाहीं. पण माझा कागद कोणाच्या डोक्यावर पडणार नव्हता. घरीं बांधलेलें विमान इतरांच्या घरांवरून उडतें. ही जोडणी कशी तपासली, हा पत्रा कोठून आणला, हें विचारणारा मनुष्य रामेश्वरभट्ट नव्हे. त्यानें विचारण्यास वर्षें घालविलीं तर तो दोषी. विचारलें म्हणून दोषी नव्हे. हा भेद आपल्या एकाहि आख्यानकारास करावासा वाटला नाहीं, याचें मला नवल वाटतें.

राइट बंधूंची गोष्ट सर्वांस ठाऊक असल्यामुळें तिचा विस्तार करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं १९०१ सालीं पूर्वसूरींचीं हवेच्या दाबाचीं कोष्टकें अनुभवास जुळेनात, तेव्हां त्या दोघांनीं डेटन येथील आपल्या सायकलींच्या दुकानांत एक लांकडी वातबोगदा बनविला आणि पंखांचे सुमारें दोनशें लहान नमुने त्यांत घालून पाहिले. १७ डिसेंबर १९०३ या दिवशींचीं चार उड्डाणें आपणांस कशीं ठाऊक आहेत? पहिलें १२ सेकंद आणि १२० फूट, शेवटलें ५९ सेकंद आणि ८५२ फूट, अशीं. त्यांची थोरवी त्या आंकड्यांना चिकटलेली आहे. आंकडे काढून घेतले तर उरतात ते ओहायोंतले दोन हट्टी ब्रह्मचारी.

आपल्या आख्यानकारांनीं वाया घालविलेली आणखी एक गोष्ट म्हणजे गच्ची. परदेशांत असल्या उद्योगास घरामागचें परसूं असतें, मोटार ठेवण्याची शेड असते. आपल्या शहरांत परसूं गेलें. जुन्या कल्याणांतील वाड्यांचीं आणि डोंबिवलींतील बंगल्यांचीं परसें इमारतींच्या पोटांत गडप झालीं. आकाशाखालची मोकळी जागा उरली ती गच्चीच. मराठी मध्यमवर्गाच्या जीवनांत गच्चीचें स्थान काय आहे हें पु. ल. देशपांड्यांनीं ‘बटाट्याची चाळ’मध्यें गच्चीच्या लढ्याचें प्रकरण लिहून कायमचें सांगून ठेवलें आहे. पापड वाळविण्याची, कोजागिरीचें दूध आटविण्याची, परीक्षेच्या दिवसांत पुस्तक घेऊन येरझारा घालण्याची ही जागा. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या कोणत्याहि सोसायटींत गच्चीची किल्ली चिटणिसाकडे असते, आणि लग्नाच्या मंडपासाठींहि ती मिळवितांना नाकीं नऊ येतात. अशा गच्चीवर कोणी वर्षानुवर्षें पत्रा ठोकीत बसला, तर खालच्या मजल्यावरच्या दुपारच्या झोपेचें काय झालें? जूनच्या पहिल्या सरी आल्या तेव्हां अर्धवट धडाचें काय केलें? हें सर्व लिहिण्याजोगें होतें. इंग्रजी, फ्रेंच लेखकास तें सुचलें नसतें, कारण त्याला गच्ची नाहीं. आम्हांस गच्ची आहे, आणि आम्हीं मंगळसूत्रावर लिहिलें.

सामान्य वाचकास रिवेट आणि गुरुत्वमध्य यांचा कंटाळा येईल, असा आक्षेप येथें कोणी घेईल. मला तो मान्य नाहीं. कमलाबाई ओगल्यांचें ‘रुचिरा’ १९७० पासून मराठी घरोघर आहे. त्याचें यश कशांत आहे? वाट्या आणि चमचे यांच्या प्रमाणांत. ‘अंदाजानें घ्यावें’ असें सांगणारीं पुस्तकें मागें पडलीं आणि माप सांगणारें राहिलें. माप सांगितलें म्हणजे आपल्यावर विश्वास टाकला असें वाचकास वाटतें. यंत्राच्या बाबतींतहि आपल्याकडे आदर्श अगदींच नाहीं असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचें शं. वा. किर्लोस्करांनीं लिहिलेलें ‘यांत्रिकाची यात्रा’ हें चरित्र घ्या. लोखंडी नांगरानें जमिनींत विष उतरतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालविण्यास वर्षें लागलीं. लक्ष्मणरावांच्या चरित्रास खरेपणा येतो तो अशा ठिकाणीं. नांगर शेतकऱ्याच्या हातांत जातो, परत येतो, त्याचा फाळ बदलतो, आणि मनुष्याचा स्वभाव त्या बदलांतून कळतो. कोल्हापुरास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वतःच्या हातांनीं चलच्चित्राचा कॅमेरा बनविला, त्याचीहि गोष्ट अशीच कोणी तरी सविस्तर लिहावयास हवी होती. चित्रपटांवर आपण पुष्कळ लिहिलें, कॅमेऱ्याच्या दांत्यांवर थोडें.

खरी अडचण वेगळीच आहे, ती भाषेची. ज्या ठाणे-कल्याण पट्ट्यांत मी राहतों, तेथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभींच्या वसाहतींपैकीं वागळे इस्टेट आहे, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आहे, अंबरनाथचे कारखाने आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर यांच्या तोंडीं येथें एक धडधाकट मराठी आहे. कानस कशी फिरवावी, पत्रा कोठें ‘पळतो’, आट्या कशानें ‘मरतात’, नट ‘फिरतो’ म्हणजे काय होतें, हें ते दोन शब्दांत सांगतात. हीं क्रियापदें आपल्या ललित वाङ्मयांत नाहींत. सकाळच्या लोकलींत प्राध्यापक आणि फिटर खांद्याला खांदा लावून उभे असतात, आणि तरीहि यंत्रावर लिहावयाची वेळ आली कीं प्राध्यापक ‘अथक परिश्रम’ आणि ‘दुर्दम्य इच्छाशक्ति’ या दोन कुबड्या काढतो. वागळे इस्टेटींतील एखाद्या जुन्या फिटरास यादवांच्या विमानापुढें उभें केलें असतें, तर त्यानें मंगळसूत्राविषयीं एक शब्दहि विचारला नसता. त्यानें पंखाच्या मुळाशीं बोट फिरवून ‘हें आंतून कसें धरलें?’ एवढेंच विचारलें असतें, आणि तेथून खरी मुलाखत सुरू झाली असती.

घरच्या विमानाची कथा घराशींच संपत नाहीं हेंहि लक्षांत घ्यावयास हवें. गच्चीवर विमान बांधतां येतें, उडवितां येत नाहीं. त्याला जमीन लागते, आणि जमीन कोणाची तरी असते. यादवांना धुळ्यास जावें लागलें तें धावपट्टीसाठीं. ज्या २०१७ सालीं त्यांच्या विमानाची नोंदणी झाली, त्याच सालच्या जून महिन्यांत कल्याणजवळ नेवाळीस शेतकऱ्यांचें उग्र आंदोलन झालें. दुसऱ्या महायुद्धांत विमानें उतरविण्यासाठीं तेथें घेतलेली जमीन आम्हांस परत करा, ही त्यांची जुनी मागणी. ती जागा नौदलाच्या ताब्यांत असून तिच्याभोंवतीं कुंपण घालण्याचें काम चालू होतें, त्यावरून ठिणगी पडली. दोन्ही बातम्या एकाच वर्षाच्या, एकाच जिल्ह्याच्या परिसरांत वाचल्या गेल्या. एकीस पहिल्या पानावर कौतुक मिळालें, दुसरी पोलिसांच्या बंदोबस्ताची बातमी ठरली. विमान वरून येतें असें ज्या आख्यानांत गृहीत असतें, त्यांत खालच्या भातशेतीचा विचार यावयाचा कोठून? पालघरच्या कारखान्याविषयींहि किती कोटींचा करार झाला हें सर्वांनीं छापलें. तेथील माती कसली आणि ती आज कोण कसतो हें मात्र माझ्या पाहण्यांत आलें नाहीं.

या विमानावर एक चांगलें मराठी पुस्तक व्हावें अशी माझी इच्छा आहे, आणि तें कोणी लिहावें याविषयीं माझें मतहि ठरलेलें आहे. तें स्वतः यादवांनीं लिहूं नये. कर्ता आपल्या त्रासाच्या हकीगतींत गुंततो, आणि त्याला तसा हक्कहि आहे. गच्चीवर पत्र्याच्या मागें ठोकळा दाबून जो कोणी उभा राहिला असेल, त्याला बोलतें करावें आणि त्याच्याच शब्दांत तें उतरून घ्यावें. पहिल्या दोन विमानांस निदान तिसऱ्याइतकीं पानें द्यावींत. कोणता भाग कोठें हुकला आणि तिसऱ्यांत त्याचें काय केलें हें त्यांवरूनच कळेल. महासंचालनालयानें काढलेल्या शंका आणि त्यांस दिलेलीं उत्तरें परिशिष्टांत न टाकतां मध्यें, जेथल्या तेथें छापावींत. नेते मंडळींचीं छायाचित्रें एका पानांत आटोपावींत. आणि धुळ्याच्या प्रकरणांत सावकाश असावें: चाकांखालचे वजनकांटे, नुसतें जमिनीवरून पळवून पाहण्याचे दिवस, वारा कोणत्या दिशेचा होता, किती वेगास नाक हलकें लागलें, आणि चाकें सुटलीं तेव्हां धावपट्टीच्या कडेला कोण कोण उभें होतें.